गप्पीची पिल्ले टाकीतून नाहीशी का होतात?

काल दिसलेली इवलीशी पिल्ले आज टाकीत नसतील, तर बहुधा ती मोठ्या माशांनीच खाल्ली आहेत, कदाचित त्यांच्या आईनेही. गप्पीची मादी अंडी घालत नाही. साधारण २१ ते ३० दिवसांनी ती थेट पोहणारी पिल्ले देते. मात्र ती त्यांची राखण करत नाही. समोर हलणारा बारीक जीव तिला खाद्यच वाटतो.

पोट फुगून चौकोनी दिसू लागले आणि शेपटीकडचा डाग गडद झाला, की मादीचे दिवस भरत आले असे समजा. टाकीत जावा मॉस किंवा हॉर्नवर्ट दाट लावा. पिल्ले त्यात लपतात. वेगळी टाकी असेल तर मादी व्याल्यावर तिला लगेच परत हलवा. पिल्ले ओढली जाऊ नयेत म्हणून स्पंज फिल्टर वापरा. बारीक चुरलेले खाद्य दिवसातून ३-४ वेळा, चिमूटभरच द्या.

महिन्याभरात नर-माद्या वेगळ्या करा. मादी शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे नर नसतानाही ती पुन्हा पुन्हा पिल्ले देऊ शकते.

पिल्ले जास्त झाली तर इतर हौशी मंडळींना द्या. ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्याकडे गप्पी ओळखीचा असला, तरी तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. स्थानिक माशांची अंडी आणि पिल्लेही तो सोडत नाही.