पकडीची कुळकथा

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या मुलखात रबराचे चाक येण्यापूर्वी बैलगाडीची सारी भिस्त धावेवर असे. बाभळीच्या लाकडाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांची बाहेरची टोके ज्यांत बसतात ते पुठ्ठे आणि या सर्वांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी, म्हणजेच धाव, अशी त्या चाकाची रचना होती. गावचा लोहार ही धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी मापाची घडवी. गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद होऊन प्रसरण पावली, की दोघे-तिघे जण तिला लांब सांडशीने उचलून लाकडावर बसवीत आणि लगोलग घागरीने पाणी ओतीत. मग वाफेचा लोट उठून लोखंड आकुंचन पावे व चाकाचे सारे सांधे करकरून एकजीव होत. चाकाच्या बाह्य वेष्टनाचा इतिहास हा प्रारंभापासून उष्णतेशी केलेल्या तहाचा इतिहास आहे, आणि आज आपल्या तरुणांच्या स्पोर्ट मोटारसायकलींना जो मऊ, रुंद आणि गोलाकार टायर बसविलेला दिसतो, तो या कुळातील सर्वांत धाकटा व उष्णतेच्या बाबतीत सर्वांत हळवा वंशज होय. त्याची निवड कशी करावी आणि त्याच्यासह नांदावे कसे, याचे उत्तर त्याच्या कुळकथेतच सापडते.

रबर हा या कुळाचा मूळ पुरुष. झाडाच्या चिकातून निघणारा हा पदार्थ युरोप-अमेरिकेस ठाऊक झाला खरा, परंतु उन्हाळ्यात तो चिकट होऊन वितळू लागे व हिवाळ्यात ठिसूळ होई, त्यामुळे त्याचा व्यवहारात भरवसा धरता येत नसे. 1839 साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर या संशोधकास असे आढळून आले, की रबरात गंधक मिसळून त्यास योग्य उष्णता दिली असता त्याचा चिकटपणा जातो, लवचिकपणा मात्र राहतो. या प्रक्रियेचे पेटंट त्याला 1844 मध्ये मिळाले. परंतु दावे, खटले आणि कर्ज यांतच त्याचे उर्वरित आयुष्य सरले व 1860 साली तो कर्जबाजारी अवस्थेत मरण पावला. पुढे 1898 मध्ये अॅक्रन येथे स्थापन झालेल्या कंपनीने त्याचे नाव केवळ आदराने धारण केले, आणि त्याच नावाचा एक टायर-कारखाना आज आपल्या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथे उभा आहे.

रबरात हवा कोंडण्याची कल्पना त्यानंतरची. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने 1845 साली घोडागाडीच्या चाकांसाठी तिचे पेटंट घेतले, पण ती काळाच्या पुढची ठरली आणि विस्मृतीत गेली. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी व्हावेत म्हणून तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली व 1888 साली पेटंट मिळविले. थॉमसनच्या आधीच्या हक्कामुळे ते पुढे रद्द झाले, तरी उद्योग मात्र डनलॉपच्याच नावाने वाढला. 1891 मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी सहज काढता-घालता येणारा टायर सिद्ध केला आणि त्याच वर्षीच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस सायकल शर्यतीत तो विजयी स्वाराच्या चाकावर धावला. येथवर हवेच्या टायरचे मुख्य प्रयोजन सुखद प्रवास हे होते. रस्त्यावरची पकड हा त्याचा गुण शर्यतींनी उजेडात आणला. प्रारंभीचे टायर फिकट रंगाचे असत. काजळी मिसळल्याने रबर अधिक चिवट होते व कमी झिजते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सिल्व्हरटाऊन कारखान्यातील प्रयोगांनी दाखविले, आणि तेव्हापासून टायर काळा झाला.

आपल्या देशात रबराची व्यापारी लागवड 1902 साली केरळातील पेरियार नदीकाठी तट्टेक्काड येथे सुरू झाली आणि डनलॉपचा कारखाना बंगालमधील साहागंज येथे 1936 मध्ये निघाला. त्या काळी नांदेड हा निजामाच्या राज्यातील जिल्हा होता व लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील व्यापारी कसबा होता. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1911 मध्ये तेथवर पोहोचली होती. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने 1932 साली 27 मोटारगाड्यांनिशी आपली बससेवा सुरू केली आणि हवेच्या टायरला या राज्यात सरकारी दप्तराचा आश्रय मिळाला. रयतेच्या दारात मात्र तो बैलगाडीच्या रूपाने आला; ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या मराठवाड्यातील रस्त्यांवर आजही दृष्टीस पडतात. स्वातंत्र्यानंतर मद्रासच्या एमआरएफने व 1958 साली मुंबईत स्थापन झालेल्या सीएटने टायरनिर्मितीस देशी पाया दिला. तुळजापूरहून निघून औसा, लातूर, चाकूर, लोहा, नांदेड असा मार्ग आक्रमत राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 361 ज्या बुटीबोरीस संपतो, त्याच बुटीबोरीत सीएटचा दुचाकी टायरांचा कारखाना आहे. म्हणजे आपल्या गाडीखालचा रस्ता आणि त्यावर घासणारा टायर यांचे नाते भूगोलानेही जोडलेले आहे.

मोटारसायकलचा टायर या कुळात निराळा पडतो, कारण चारचाकी वळताना सरळ उभी राहते तर दुचाकी कलते. कलताना टायरचा कडेचा भाग रस्त्याला लागतो, म्हणून त्याचा छेद गोलाकार ठेवावा लागतो. आणि कोणत्याही क्षणी रस्त्याशी असलेला त्याचा संबंध माणसाच्या तळहाताएवढ्या जागेपुरताच असतो. ही जागा वाढावी म्हणून 1960 च्या दशकात शर्यतींसाठी डनलॉपने त्रिकोणी छेदाचा टायर काढला. 1970 च्या दशकात खाचा नसलेला गुळगुळीत टायर आला. परंतु खरे परिवर्तन आतल्या दोऱ्यांच्या मांडणीने घडविले. पूर्वीच्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदीत, त्यामुळे प्रत्येक आवर्तनाबरोबर थर एकमेकांवर घासून उष्णता उत्पन्न करीत. रेडियल टायरमध्ये दोऱ्या काठापासून काठापर्यंत आडव्या जातात आणि त्यांवर परिघाच्या दिशेने पट्टा गुंडाळलेला असतो. त्यामुळे भिंती लवचिक, पृष्ठभाग स्थिर आणि उष्णता कमी. मिशेलिनने 1946 साली मोटारींसाठी पेटंट केलेली ही रचना मोटारसायकलवर 1980 च्या दशकात रूढ झाली. पुढे 2005 साली त्याच कंपनीने मध्यभागी कठीण व कडेला मऊ अशा दोन मिश्रणांचा टायर रस्त्यावरच्या वापरासाठी बाजारात आणला, आणि काजळीसोबत सिलिका वापरल्याने ओल्या रस्त्यावरची पकडही सुधारली.

भारतात ही परंपरा सावकाश उतरली. 2001 साली आलेल्या पहिल्या बजाज पल्सरच्या मागच्या चाकाला 100/90-18 या मापाचा, म्हणजे केवळ 100 मिलिमीटर रुंदीचा ट्यूबचा टायर होता. 2008 साली यामाहाची आर-15 आली, तिच्या 2011 च्या दुसऱ्या आवृत्तीला मागे रेडियल टायर मिळाला. 2012 साली चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या केटीएम ड्यूक 200 ने मागे 150 मिलिमीटर रुंदीचा टायर आणला आणि 2013 च्या ड्यूक 390 ला मेट्झेलरचे रेडियल टायर बसले. लातूरच्या शिकवण्यांकडे गावोगावचे विद्यार्थी लोटत होते, तीच ही वर्षे. स्पोर्ट मोटारसायकल ही तेथील तरुणाईची आकांक्षा झाली, आणि पहिला टायर गोटा झाल्यावर दुसरा कोणता घ्यावा, हा प्रश्न नांदेड-लातूरच्या दुकानांत नित्याचा झाला.

या प्रश्नाचे मर्म रबराच्या स्वभावात आहे. टायर रस्त्यावरील खडीच्या खडबडीत टोकांवर दबतो व पुन्हा वर येतो, तेव्हा दबताना घेतलेली सर्व शक्ती तो परत करीत नाही. उरलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने आत राहते, आणि याच आंतरिक घर्षणामुळे तो खडीला घट्ट धरतो. अर्थात पकड आणि उष्णता या एकाच उदरातून जन्मलेल्या जुळ्या बहिणी आहेत; जे मिश्रण अधिक पकडते ते अधिक तापते आणि लवकर झिजते. शर्यतीच्या मैदानावर टायरला आधी विजेचे गरम पांघरूण गुंडाळतात, कारण त्याचे अतिमऊ मिश्रण पुरेसे तापल्याखेरीज पकडत नाही. तोच टायर डिसेंबरच्या पहाटे नांदेडहून लोह्याच्या वाटेने नेला तर तो थंडच राहतो, आणि मे महिन्यात डांबराचा पृष्ठभाग 60 अंश सेल्सियसपर्यंत तापला असता सरळ रस्त्यावर त्याचा मध्यभाग पाहता पाहता खरवडून जातो. आपल्या पठारावरील मार्ग बहुतांश सरळ आहेत, त्यामुळे मधला भाग चपटा होऊन कडा कोऱ्या राहतात, आणि असा चपटा टायर वळणावर कलताना अडखळतो. म्हणून नित्य वापराच्या स्वाराने मध्यभागी कठीण मिश्रण असलेला, ओल्या रस्त्यासाठी खाचा व सिलिका असलेला, स्पोर्ट-टूरिंग जातीचा रेडियल निवडावा, हेच या मुलखास योग्य होय.

टायरच्या भिंतीवर त्याची पूर्ण सनद कोरलेली असते. 140/70 R17 66H असे लिहिलेले असल्यास रुंदी 140 मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या 70 टक्के, रचना रेडियल, रिम 17 इंच, भारक्षमता 300 किलो आणि कमाल वेग ताशी 210 किलोमीटर असा त्याचा अर्थ. शेजारच्या लंबगोलातील चार अंकांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. दुकानाच्या पत्र्याखाली अनेक उन्हाळे पडून राहिलेला टायर न वापरताच कठीण होतो, म्हणून हे अंक वाचल्यावाचून पैसे मोजू नयेत. रुंदीच्या मोहापायी रिमच्या मापापेक्षा मोठा टायर बसविणेही अनुचित. त्याच्या कडा आत ओढल्या जाऊन छेद टोकदार होतो, हँडल जड होते आणि वाढलेल्या रुंदीचा लाभ रस्त्यापर्यंत पोहोचतच नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो मात्र समूळ सोडला पाहिजे. टायरमधील हवेचा दाब दर 10 अंश सेल्सियसला साधारणतः दीड पीएसआयने वाढतो; ही वाढ निर्मात्याने गृहीत धरलेलीच असते. हवा कमी असली की टायर अधिक वाकतो, अधिक वाकल्याने अधिक तापतो, आणि ज्या भयाने आपण हवा काढली तेच संकट आपण निकट आणतो. चाकूरच्या पुढे तापलेल्या टायरची हवा मोजून ती काढून टाकणारा स्वार दुसऱ्या दिवशी सकाळी अपुऱ्या हवेवर निघतो. म्हणून दाब पहाटे, गाडी निघण्यापूर्वी, कंपनीने सांगितलेल्या मापाशी ताडून पाहावा.

सहवासाचे उरलेले नियम याच भूमीतून येतात. कोऱ्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातला गुळगुळीतपणा असतो. पहिले सुमारे 150 किलोमीटर तो हलक्या हाताने चालवावा. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावर साचलेले तेल व धूळ यांचा जो राप तयार होतो, गळिताच्या हंगामात शेतातून निघालेले ट्रॅक्टर आपल्या चाकांबरोबर काळ्या मातीचा जो चिखल डांबरावर आणून टाकतात, आणि सुगीत शेतकरी मळणीसाठी रस्त्यावर जे सोयाबीन पसरतात, त्यांपुढे सर्वोत्तम मिश्रणाचाही निरुपाय होतो. तेथे वेग कमी करणे हाच उपाय. बाभळीचा काटा रुतल्यास ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते व स्वारास सावरण्यास अवधी मिळतो, हा त्याचा मोठा उपकार. तथापि रबराची चिकट दोरी कोंबून केलेली दुरुस्ती ही तात्पुरती समजावी, आणि वेगाने जाणाऱ्याने आतून पॅच लावून घ्यावा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 नुसार दुचाकीच्या टायरची खाच 0.8 मिलिमीटरपेक्षा उथळ असू नये. पावसाळ्यात या मर्यादेची वाट पाहणेही धोक्याचे आहे.

या कुळकथेचा निष्कर्ष एवढाच, की पावणेदोनशे वर्षांच्या परिश्रमाने माणसाने रबराला ऊन सोसायला शिकविले, तरी त्यातला सर्वांत अधिक पकडणारा टायर हा सर्वांत अल्पायुषीच राहिला आहे, आणि कोणत्याही कारखान्याला हा व्यवहार अद्याप टाळता आलेला नाही. जो तरुण लाखो रुपयांची गाडी घेतो त्याने काही हजारांच्या टायरपाशी काटकसर करू नये; आणि जे पालक मुलाला गाडी घेऊन देतात, त्यांनी तिच्यासोबत हवा मोजण्याचा एक लहानसा गेजही घेऊन द्यावा आणि तो रोज सकाळी वापरण्याचा आग्रह धरावा.