आक्का आणि नवा पैसा

बी. कॉम.ला आम्हांला चलनाचा इतिहास होता. त्यातला मला कळलेला तेवढा भाग पुस्तकातून कळला नाही, आक्काकडून कळला. आक्का म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली, असे पुस्तकात छापले होते. सांगलीच्या भाजीबाजारात तिची गाठ आक्काशी पडली, हे छापायचे राहून गेले होते.

तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयात १९२ पै. आता रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आण्याच्या वाट्याला आले सव्वासहा. पाव पैसा टांकसाळीत पाडता येत नाही, तेव्हा सरकारने तक्ता काढला : एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५. मोठमोठ्या विद्वानांनी बसून केलेला हा तक्ता चौथी पास आक्काने पहिल्याच बाजाराला फोडला. चार आण्यांची भाजी एकदम घेतली की पंचवीस पैसे पडतात. पण आण्या-आण्याची चारदा घेतली की चोवीस! झालं. आण्याची मेथी घ्यायची, सहा पैसे मोजायचे, दोन पावलं पुढे जायचं, मागे फिरायचं आणि ओळखदेख नसल्यासारखं विचारायचं, "मेथी कशी दिली?" तीन आण्यांची वस्तू तर तिने पुढे कधी घेतलीच नाही. एक आण्याची आणि दोन आण्यांची, मिळून अठरा. शेवटी भाजीवाली हात जोडून म्हणाली म्हणे, "वैनी, एक पैसा मी सोडते, पण समदं एकदम घ्या!" १९६४ साली सरकारने पैशातला 'नवा' काढून टाकला, आक्काच्या बोलण्यात तो शेवटपर्यंत होता.

शेर जाऊन किलो आला तेव्हा तिने फारसा त्रास दिला नाही. किलो शेरापेक्षा भरतो, हे तिने घरच्या तराजूवर बघून घेतलं होतं.

मग १९६३ साल उजाडलं. चीनचं युद्ध नुकतंच होऊन गेलेलं. अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणलं : यापुढे दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही. सोनारांच्या भट्ट्या विझल्या. "चौदा कॅरेटचं मंगळसूत्र घालून संसारही तसलाच व्हायचा," हे आक्काचं अर्थसंकल्पावरचं भाषण. पण आमच्या सोनाराच्या घरी त्या वर्षी दर महिन्याला पायलीभर ज्वारी जात होती. वहीत ती 'उसनी' म्हणून मांडलेली आहे. परत आल्याची नोंद मला कुठे सापडली नाही, आणि मी शोधण्यात पगार खाणारा माणूस आहे.

हे सगळं मी रंगवून सांगतो तेव्हा लोक हसतात. माझी आई हसत नाही. तिला आक्काच्या हाताखाली चाळीस वर्षं काढायची होती. कपाटाची किल्ली आक्काच्या कमरेला. चहाची साखर चमचा आडवा फिरवून, सपाट करून मिळायची. १९७९ साली आत्याच्या लग्नात सोनं कमी पडलं, तेव्हा आक्काने आईच्या हातातल्या पाटल्या "आठ दिवसांसाठी" उतरवून घेतल्या. त्या आईच्या माहेरच्या होत्या. आत्याबरोबर त्या गेल्या त्या गेल्याच. त्यावर घरात कधी एक शब्द निघाला नाही. दोघी एका स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून भाकऱ्या थापत राहिल्या.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या. दुसऱ्या दिवशी बँक बंद, आणि नंतर पुढे आमचं काय झालं ते आमच्या बायकांना विचारा. त्या धामधुमीत एका रात्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आक्काने मेतकुटाचा डबा माझ्यापुढे उपडा केला. पाचशेच्या शेहेचाळीस नोटा! तेवीस हजार रुपये, वासासकट.

"आक्का, तुझं खातं नाही. उघडावं लागेल."

"माझं कशाला? तुझ्या आईच्या खात्यात भर. तिचेच आहेत." आणि तिने वही पुढे सरकवली. पहिल्याच पानावर होतं, 'सूनबाईच्या पाटल्या – देणे.' आधीच्या सालची वही काढली, तिच्यातही तेच. त्याच्या आधीच्याही. सदतीस वर्षं ती रक्कम मागील पानावरून पुढे येत होती. आमच्या बँकेत इतकं जुनं देणं इतक्या इमानाने कोणी ओढलेलं मी पाहिलेलं नाही.

आईने स्लिपवर सही केली, पण माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. आक्काशी तर नाहीच. पुढे उन्हाळ्यात ती एकटीच सराफाकडे जाऊन आली. तेवीस हजारांत पाटल्यांची जोडी सोडाच, पुरता तोळाही येत नव्हता. पाऊण तोळ्याची एक बारीक बांगडी आली. ती घालून आई आक्कापुढे उभी राहिली. आक्काने तिचा हात ओढून घेतला, चष्मा वर केला, बांगडी दोनदा फिरवून पाहिली.

"किती कॅरेट?"

"बावीस."

"मग ठीक," आक्का म्हणाली आणि कमरेची किल्ली सोडू लागली. गाठ जुनी होती. आईलाच ती सोडवावी लागली.