तळटीप १२ : कॅनडा व ऑस्ट्रेलिया

१२. लेखकाने येथे कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांना एकाच पंगतीत बसवले आहे. वाचकांनी पुढील भेद ध्यानात ठेवावेत. कॅनडाचे क्षेत्रफळ सुमारे ९९.८ लाख चौ. किमी, तर ऑस्ट्रेलियाचे सुमारे ७६.९ लाख. कॅनडाची बहुसंख्य वस्ती अमेरिकेच्या सीमेलगत आहे, ऑस्ट्रेलियाची किनाऱ्यालगत. आतला प्रदेश एकीकडे थंडीमुळे विरळ राहिला, दुसरीकडे अवर्षणामुळे. ब्रिटिश कोलंबिया १८७१ मध्ये कॅनडाच्या संघराज्यात सामील झाला तो रेल्वेच्या वचनावर. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा नोव्हेंबर १८८५ मध्ये ठोकला गेला. ऑस्ट्रेलियात आधी तार पोहोचली : पोर्ट ऑगस्टा ते डार्विन ही सुमारे ३,२०० किमीची तार १८७२ मध्ये पुरी झाली. लोहमार्गांची रुंदी मात्र वसाहतींनी आपापल्या मर्जीने ठरवली. त्यामुळे सिडनीहून पर्थला गाडी न बदलता जाणे १९७० मध्येच शक्य झाले.

दोन्ही देश संसदीय संघराज्ये असून दोहोंच्या राजपदावर ब्रिटनची राजगादी चालवणारीच व्यक्ती असते. परंतु कॅनडात (१८६७) शेषाधिकार केंद्राकडे आणि सेनेटचे सदस्य नियुक्त; ऑस्ट्रेलियात (१९०१) शेषाधिकार घटकराज्यांकडे आणि सेनेट लोकनिर्वाचित, प्रत्येक राज्याला समान जागा देणारी. भारतीय घटनाकारांनी शेषाधिकार केंद्राकडे ठेवण्याची रीत कॅनडाकडून, तर समवर्ती सूचीची कल्पना ऑस्ट्रेलियाकडून घेतली. — संपादक