परतीची तार

लडाखमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यातली पहाट. तापाने फणफणलेल्या जवानाला एमआय रूमला न्यायचे होते आणि गाडी चालू होईना. चावी फिरवली की स्टार्टर नुसता 'कट्' करून गप्प. बॅटरी बदलली, तरी तेच. मग वर्कशॉपचे उस्ताद आले. त्यांनी बॉनेट उघडून मला पुन्हा चावी फिरवायला लावली आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल चाचपली. बाहेर सगळे गोठलेले, पण ती केबल गरम! "अर्थ गया," ते एवढेच म्हणाले.

हा 'अर्थ' आला तारायंत्रातून. 1838 मध्ये म्युनिकच्या स्टाइनहाइल यांनी दाखवून दिले की तारायंत्राला परतीची दुसरी तार लागत नाही, जमीनच ते काम करते. पुढे मोटारवाल्यांनी हीच युक्ती उचलली. दिव्यापर्यंत एक तार न्यायची, परतीचा रस्ता गाडीच्या लोखंडातून. गाडी उभी असते रबरी टायरवर, जमिनीशी तिचा संबंध नाही. पण नाव 'अर्थ'च राहिले.

दिव्यांपुरता हा रस्ता पुरत होता. 1912 मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचे कष्ट वाचले. पण इंजिन फिरवायला शेकडो अँपिअर लागतात आणि जेवढा करंट जातो, तेवढाच परत यावा लागतो. 1931 मध्ये प्लिमथने इंजिन रबरी माउंटिंगवर बसवले. प्रवाशांचे हादरे कमी झाले, मात्र इंजिन आणि चासी यांच्यामध्ये रबर आले. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून चासीपर्यंत तांब्याची विणलेली, लवचिक पट्टी अत्यावश्यक झाली. आमच्या गाडीत तीच तुटली होती. करंट परतायला वाट शोधत अ‍ॅक्सिलरेटरच्या बारीक केबलमधून जात होता, म्हणून ती तापली होती.

सैन्याला अशा पट्ट्यांची गरज आणखी एका कारणाने पडली. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये वायरलेसवरची खरखर कमी करायला बॉनेट, इंजिन, बॉडी अशा पट्ट्यांनी एकमेकांना जोडत. अशा अमेरिकन गाड्यांच्या नंबरापुढे 'एस' अक्षर असे.

जुनी गाडी घरी हौसेने सांभाळणाऱ्या निवृत्त मित्रांनी एक लक्षात ठेवावे. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक चासीला असे. साठच्या दशकात डायोडवाले अल्टरनेटर आले आणि निगेटिव्ह अर्थ रूढ झाला. तेव्हा बॅटरी जोडण्याआधी अर्थ कोणता ते पाहा.

उस्तादांनी जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावले. पहिल्याच चावीला इंजिन धडधडले. जवान वेळेत पोहोचला.

दुपारी त्यांनी माझ्याकडून नवी केबल करून घेतली. 35 चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक तारांची तांब्याची केबल. दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग. बसवायच्या जागेचा रंग आणि गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन. हिशेबही त्यांनीच शिकवला. अशा एक मीटर केबलमध्ये 200 अँपिअरला जेमतेम 0.1 व्होल्ट खर्च होतो. गंजलेल्या जोडाचा रोध 0.01 ओहम असला, तरी तिथे 2 व्होल्ट जातात. 12 व्होल्टच्या गाडीत, त्यातही थंडीने बॅटरी अर्धमेली असताना, तेवढे पुरे होतात.

आजही गाडी कुरकुरली की मी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडावर ठेवतो आणि स्टार्टर मारायला सांगतो. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर नवी बॅटरी आणायच्या आधी परतीची तार तपासतो.