प्रस्तावना : साक्रीच्या प्रयोगशाळेतले ॲसेटिक आम्ल

जानेवारीतल्या सकाळी साक्रीतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेचे कपाट उघडले, तर ग्लेशियल ॲसेटिक आम्लाची बाटली गोठून पांढरी झालेली दिसू शकते. हे आम्ल १६.६ अंश सेल्सिअसला गोठते, आणि साक्री ज्यात येते त्या धुळे जिल्ह्यात कडाक्याच्या थंडीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. शाळेत आपण शिकलेलो असतो की असे थंड हवेच्या देशांत घडते. घाईत असलेला माणूस ती बाटली बर्नरजवळ धरतो. बूच सैल करून कोमट पाण्यात ती सावकाश उभी ठेवायला हवी, एवढे त्याला कुणी सांगितलेले नसते.

मे महिन्यातली गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या तापमानाला द्रवावरची वाफ ठिणगी मिळताच पेट घेते, तो फ्लॅश पॉइंट या आम्लाच्या बाबतीत ३९ अंश आहे. खानदेशात उन्हाळ्यात सावलीतला पाराही बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. बंद, पत्र्याच्या छपराच्या भांडारगृहात तो त्याहून वर असतो. जगभरची सुरक्षेची पुस्तके वीस-पंचवीस अंशांची खोली गृहीत धरून लिहिलेली असतात. तिथे पुढ्यात दाहक आम्ल असते. आपल्याकडे वर्षातले दोन महिने तेच आम्ल पेट्रोलसारख्या पेट घेणाऱ्या द्रवांच्या पंगतीला येऊन बसते. रसायन-सुरक्षेचा अभ्यास आपल्या हवेत, आपल्या पाण्यावर, आपल्या इमारतीत नव्याने करावा लागतो, आणि तो करण्यासाठी वाचकाला बोलावणे हाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

हा विषय आपल्याला बहुधा भिंतीवरच्या पिवळ्या पडलेल्या सूचनांमधून भेटतो : हे करू नका, ते हुंगू नका. त्यामुळे तो शिस्तीचा विषय वाटतो. खरे तर तो रसायनशास्त्राचाच गाभा आहे. ॲसेटिक आम्ल 'दुर्बल' आहे असे आपण अकरावी-बारावीत शिकतो. ते बरोबरच आहे. त्याच्या एक मोलर द्रावणात हजारातले जेमतेम चार रेणू आयनीभूत होतात. पण हे दुर्बलपण आयनीभवनाचे आहे, कातडीशी त्याचा संबंध नाही. उलट, न फुटलेला अखंड रेणू त्वचेतल्या स्निग्ध थरातून सहज आत शिरतो. कधी कधी सुरुवातीला फारसे काही दिसत नाही आणि फोड काही तासांनी उठतात. विद्यार्थी घरी पोचलेला असतो, आणि सकाळच्या प्रात्यक्षिकाशी त्या जखमेचा संबंध कुणी जोडत नाही.

फॉर्मिक आम्ल त्याचे थोरले भावंड म्हणावे लागेल, रेणू लहान असला तरी. ते ॲसेटिक आम्लाच्या सुमारे दहापट प्रबळ आहे. युरोपीय वर्गीकरणात ॲसेटिक आम्ल २५ टक्क्यांपासून पुढे दाहक धरतात, फॉर्मिक आम्ल मात्र १० टक्क्यांपासूनच. शिवाय संहत फॉर्मिक आम्ल ठेवल्या जागी हळूहळू विघटित होऊन कार्बन मोनॉक्साइड सोडते. तापलेल्या खोलीत घट्ट बुचाच्या बाटलीत त्याचा दाब साठत जातो, म्हणून तिला वायू बाहेर सोडणारे बूच लागते. आणि सल्फ्युरिक आम्लाशी त्याची गाठ पडली, तर तो विषारी वायू भराभर निघतो. प्रयोगशाळेत कार्बन मोनॉक्साइड तयार करण्याची जुनी रीत हीच आहे.

धोका फक्त रसायन विभागातच असतो असेही नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कांद्याची मुळे स्थिर करायला तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल मिसळतात. कांदा हे साक्री तालुक्यातल्या मुलांच्या घरचे पीक. तो हाताळताना त्यांना परकेपणा वाटत नाही. त्याच सहजतेने ती आम्लाची बाटलीही उचलतात. सर्वांत जास्त जोखीम मात्र प्रयोगशाळा साहाय्यकाची. विद्यार्थ्यांच्या हाती विरल द्रावण येते. संहत आम्ल तो एकटाच, वर्ग भरायच्या आधी, मोजून ओतत असतो. हे पुस्तक आधी त्याने वाचावे अशी माझी इच्छा आहे.

हातमोजे घातले की झाले, हा समज मोडायला एकच घटना पुरेशी आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथिल मर्क्युरीचे थेंब पडले. जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. हातमोजा फाटला नव्हता. द्रव त्याच्यातून आरपार गेला होता. ॲसेटिक आम्ल तितके घातक नाही, पण न्याय तोच लागू पडतो. एकदा वापरून टाकायचे पातळ नायट्राइल हातमोजे संहत ॲसेटिक आम्ल फार वेळ अडवत नाहीत. त्यासाठी ब्यूटाइल किंवा निओप्रीन रबर हवे.

कपाटाविषयीही बोलायला हवे. 'आम्ले' अशी चिठ्ठी लावून एकाच फळीवर ॲसेटिक आणि नायट्रिक शेजारी ठेवलेली असतात. एक जळणारे, दुसरे जाळायला मदत करणारे. काचसामान धुण्याचे क्रोमिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटसुद्धा ॲसेटिक आम्लाजवळ नकोत. ॲसेटिक आम्लाची जागा ज्वलनशील द्रवांच्या बाजूला, ऑक्सिडीकारकांपासून दूर. हा बदल करायला एक पैसाही लागत नाही.

साक्रीकरांना हा विषय प्रयोगशाळेबाहेरही भेटतो. सुरत-नागपूर महामार्ग गावाला लागून जातो, आणि गुजरातच्या रासायनिक पट्ट्यातले टँकर कोंडाईबारीचा घाट ओलांडून याच वाटेने येतात. त्यांच्या पाठीवरच्या फलकावर २७८९ हा आकडा दिसला, तर आत ॲसेटिक आम्ल आहे. १७७९ असेल तर फॉर्मिक. हे आकडे रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्यालाही ठाऊक असायला हवेत. याच जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातल्या वाघाडीला, ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन माणसे गेली. त्यामुळे धुळ्याच्या माणसाला हे शास्त्र दूरचे वाटण्याचे कारण नाही.

आता पाणी. आम्ल डोळ्यात वा अंगावर उडाले तर पहिला उपाय पाणीच, आणि तेही निदान १५ मिनिटे सलग. त्वचेवर सोडा चोळत बसू नये. सोडा फरशीवर सांडलेल्या आम्लासाठी. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पन्नासहून अधिक किलोमीटरवर आहे, म्हणजे ही १५ मिनिटे आपल्याच हातात. अमेरिकी प्रमाणकानुसार डोळे धुण्याच्या नळाला मिनिटाला दीड लिटर पाणी लागते, म्हणजे एका वेळी सुमारे २३ लिटर. अंगावरच्या फवाऱ्याला मिनिटाला ७५ लिटर; १५ मिनिटांत अकराशे लिटरहून अधिक. टंचाईच्या दिवसांत, दुपारी दोन वाजता, टाकीत एवढे पाणी असते का? असले तरी ते कसे असते? तेच प्रमाणक सांगते की हे पाणी १६ ते ३८ अंशांच्या दरम्यान असावे. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतले मे महिन्यातले पाणी हाताला चटका देते. भाजलेल्या डोळ्यावर ते माणूस १५ मिनिटे सहन करणार नाही, अर्ध्या मिनिटात मागे सरेल.

म्हणून पुस्तकाचे पहिले प्रकरण आम्लावर नसून पाण्यावर आहे. टाकीला सावली कशी करावी, नळाचा पाइप उन्हातून कसा वाचवावा, प्रयोगशाळेच्या आत तोटी लावलेले दोनशे लिटरचे झाकलेले पिंप कुठे ठेवावे, त्यातले पाणी किती दिवसांनी बदलावे, हे त्यात आकृत्यांसह दिले आहे. ते वाचताना जवळ एक साधा थर्मामीटर असू द्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी नळाच्या पाण्याचे आणि भांडारगृहाचे तापमान रोज टिपून ठेवा. मागच्या पानांवर त्यासाठी कोरे तक्ते छापले आहेत.