उन्हाळी, बीसीजी आणि सीमाभागाची आशा



भाषेच्या अध्यापकाने वैद्यकाच्या इतिहासावर बोलावे, हे काहीसे अनधिकाराचे वाटेल. परंतु रोग्याची वाट पुष्कळदा एखाद्या शब्दापाशीच अडते, आणि तेथवर आमचा थोडा अधिकार पोहोचतो.

बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या मुलखात लघवीची तक्रार बहुधा 'उन्हाळी' या एका शब्दात सामावते. उन्हाळीत आग होते, वेदना होते. मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण बहुतेक वेळा याच्या उलट असते. लघवीतून रक्त जाते, दुखत काहीच नाही, आणि रक्त आपोआप थांबते. धन्याजिऱ्याचे पाणी पिऊन माणूस पुन्हा कामाला लागतो. रक्त थांबते, रोग थांबत नाही.

या रोगाचे ज्ञान हळूहळू वाढत गेले. १८७९ मध्ये माक्स निट्झे यांनी मूत्राशयात पाहण्याची दुर्बीण व्हिएन्नात दाखविली. १८९५ मध्ये लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यांतील कामगारांत हा रोग आढळल्याचे नोंदविले. पुढे तंबाखूचे धूम्रपान हे त्याचे सर्वांत मोठे कारण ठरले. आपल्याकडची विडीही त्यातून सुटत नाही.

उपचाराची कथा अधिक विलक्षण आहे. काल्मेत आणि गेरँ यांची बीसीजी लस १९२१ मध्ये क्षयाविरुद्ध प्रथम दिली गेली. भारतात १९४८ मध्ये मद्रासजवळ गिंडी येथे तिची प्रयोगशाळा निघाली. आपल्यापैकी अनेकांच्या दंडावर तिचा व्रण आहे. १९७६ मध्ये कॅनडातील आल्वारो मोरालेस यांनी हीच लस मूत्राशयात सोडून अवघ्या ९ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोग स्नायूपर्यंत पोहोचला नसेल, पण उलटण्याचा धोका मोठा असेल, तेव्हा गाठ खरवडून काढल्यावर हीच लस आजही प्रमुख आधार आहे.

आता पुढील आशा. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेत बीसीजीत जनुकीय बदल करून घडविलेल्या व्हीपीएम १००२ या लसीशी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट निगडित आहे. या रोगावर तिच्या चाचण्या युरोपात झाल्या आहेत. रोग पसरलेल्या रुग्णांत दोन नव्या औषधांच्या जोडीने सरासरी आयुर्मर्यादा, म्हणजे मध्यक, १६ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर गेल्याचे २०२३ मध्ये दिसून आले. मात्र ही औषधे अत्यंत महाग आहेत.

शोध प्रयोगशाळेत लागतात. त्यांची कसोटी आपल्या गावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी रुग्णांच्या वाटा हैदराबाद, सोलापूर, बार्शी आणि बंगळूरकडेच राहिल्या. बीसीजी प्रारंभी सहा आठवडे दर आठवड्याला घ्यावी लागते. नंतर काही वर्षे ठरावीक अंतराने दुर्बिणीने तपासणी करावी लागते. प्रत्येक खेपेस मजुरी बुडते आणि सोबतीला एक माणूस लागतो. म्हणून माझी पहिली अपेक्षा नव्या औषधाची नाही. बंगळूरच्या किदवई संस्थेचे उपकेंद्र कलबुर्गीत आहे, बीदरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. लस आणि दुर्बीण या दोन्ही ठिकाणी अखंड, अल्प खर्चात मिळावीत. दुर्बिणीच्या खेपा कमी करणारी, लघवीवरील विश्वासार्ह चाचणी संशोधनातून हाती यावी. आणि मराठी रुग्णाला त्याचा रोग मराठीत, कन्नड रुग्णाला कन्नडमध्ये समजावून सांगितला जावा.

शाळेने आपणांस शब्दांचे अर्थ शिकविले. एक अर्थ घरोघरी पोहोचवावा: न दुखता, एकदाच का होईना, लघवीतून रक्त गेले, तर ती उन्हाळी समजू नये, डॉक्टरांना दाखवावे.