पोलादाचे गाव आणि हेवी मेटल

हेवी मेटल हे संगीत इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात घडले. तिथल्या एका पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या १७ वर्षांच्या कामगाराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात सापडून तुटली. तो डावखुरा होता, त्यामुळे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली, गिटारवर हलक्या तारा चढवल्या आणि पुढे त्या सैल सोडून सूर खाली उतरवला. ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाला. त्यातला जड, काळोखा आवाज हेवी मेटलचा पाया ठरला. ‘ज्यूडस प्रीस्ट’ हा दुसरा महत्त्वाचा बँडही त्याच शहरातला.

बर्मिंगहॅमप्रमाणे मराठवाड्यातल्या जालन्यालाही पोलाद नवीन नाही. शहराच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगार वितळते, त्याचे बिलेट पडतात आणि रोलिंग मिलमधून बांधकामाच्या सळया बाहेर येतात. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जुन्या बाजारपेठेच्या भरभराटीची. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा झालेल्या या जिल्ह्याची आजची ओळख सळई आणि बियाणे अशी आहे. मोठ्या, उग्र आवाजाचे या भागाला वावडे नाही. गोंधळातले संबळ आहे, हलगी आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव; त्यांच्या मारुतिस्तोत्रात आणि शंकराच्या आरतीत देवाचे भयंकर रूपच भक्तीचा विषय झाले आहे. असे असूनही हेवी मेटल महाराष्ट्रात आले ते भट्टीच्या वाटेने नव्हे. ते मुंबईतल्या इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयांतून आले. बर्मिंगहॅममध्ये कारखान्यातल्या मुलांना परवडणाऱ्या गिटारी, त्यांच्याच भाषेतली गाणी आणि वाजवायला क्लब होते. जालन्यात यातले काहीच हाताशी नव्हते. नुसत्या लोखंडाने संगीत घडत नाही.

मुंबईत आधी रॉक रुजले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढला. तोवर बहुतेक बँड परदेशी गाण्यांच्या नकला करत, आणि आयोजकांनाही तेच हवे असे. हाच बँड १९९३ पासून ‘इंडस क्रीड’ झाला. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव या पिढीचे मोठे व्यासपीठ होता. तो धोबीतलावाजवळच्या, सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून असलेल्या रंगभवनाच्या खुल्या रंगमंचावर होई. तिकीट स्वस्त, गर्दी तरुण, आणि नवख्या बँडलाही हजारोंसमोर उभे राहण्याची संधी. पुढे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र आखले. रंगभवन त्यात सापडले आणि तिथले कार्यक्रम थांबले. रुग्णालयांच्या दृष्टीने नियम रास्त होता; पण त्या तोडीची, तितकी स्वस्त आणि मध्यवर्ती जागा शहराने या संगीताला पुन्हा दिली नाही, हे नुकसान मोठे आहे.

गाणी ऐकायला मिळणे हीच त्या काळातली मुख्य अडचण होती. काळा घोडा इथले ‘ऱ्हिदम हाउस’ हे दुकान मुंबईकरांसाठी परदेशी संगीताचे दार होते. ते २०१६ मध्ये बंद झाले. ‘मेटॅलिका’ किंवा ‘आयर्न मेडन’ यांच्या कॅसेट मोठ्या शहरांत मिळत. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलसारखे आडवाटेचे प्रकार मात्र कुणा नातेवाइकाने परदेशातून आणलेल्या सीडीवरून कॅसेट भरून घेऊनच ऐकावे लागत. १९९१ पासून उपग्रह वाहिनीवर एमटीव्ही दिसू लागले. १९९३ मध्ये अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक निघू लागले आणि विखुरलेल्या श्रोत्यांना एकमेकांचा पत्ता लागला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. टेलिफोनच्या तारेवरून एक गाणे उतरवायला बराच वेळ लागे, तरी ज्यांच्या कॅसेट भारतात कधी आल्याच नाहीत असे बँड आता घरात ऐकू येऊ लागले.

या संधिकाळात, २००० मध्ये, साहिल मखिजा याने मुंबईत ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड उभा केला. महाराष्ट्रातल्या स्वतंत्र मेटलचा इतिहास समजून घ्यायला याच्याइतके उपयोगी दुसरे उदाहरण नाही. ‘एम्परर’ आणि ‘डिमू बोर्गिर’ या नॉर्वेच्या बँडांचा ठसा त्यावर स्पष्ट आहे: घशातून खरडून काढलेला आवाज, डबल बेस ड्रमचा अखंड मारा आणि त्यावर कीबोर्डचे भव्य सूर. ध्वनिमुद्रण कंपनी दारात येण्याची वाट न पाहता मखिजाने घरीच ध्वनिमुद्रण केले आणि ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ या स्वतःच्या नावाखाली आपले व इतरांचे अल्बम काढले. २०१० मध्ये ‘द रिटर्न टू डार्कनेस’ हा अल्बम आला, बँड नॉर्वेच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात वाजला, आणि ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. ज्या देशातून प्रभाव आला त्याच देशाच्या मंचावर दहा वर्षांनी जाऊन वाजवणे ही लहान गोष्ट नव्हे.

प्रभावाची दिशाही हळूहळू बदलली. २०१७ च्या ‘दशावतार’ या अल्बममध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराला एकेक गाणे आहे. ज्या ब्लॅक मेटलने नॉर्डिक पुराणे धुंडाळली, त्याच्याच पद्धतीने इथे घरची पुराणे हाताळली गेली. बरोबरीच्या बँडांनी वेगळी वाट धरली. ‘भयानक मौत’चे नावच हिंदी भयपटाच्या फलकावरून उतरल्यासारखे आहे. ‘स्क्राइब’ने २०१० मध्ये ‘मार्क ऑफ तेजा’ आणि पुढे ‘हेल मोगॅम्बो’ अशी अल्बमांची नावे हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांवरून घेतली. गाणे इंग्रजी राहिले तरी आठवणी मुंबईच्या झाल्या. या बँडांचे कर्तृत्व इथेच अधिक मोठे दिसते, परदेशी तंत्र हुबेहूब साधण्यात नव्हे.

१७ मार्च २००७ रोजी बंगळूरला आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत ‘आयर्न मेडन’ वाजले. या कार्यक्रमांतून देशातला श्रोता किती मोठा आहे हे आयोजकांना दिसले. पण स्थानिक बँडांना खरा आधार मिळाला तो मायस्पेस, ऑर्कुट आणि २००५ मध्ये आलेल्या यूट्यूबचा. २००७ मध्ये मुंबईत सुरू झालेला ‘गटस्लिट’ ब्रूटल डेथ मेटल वाजवतो. एका शहरात या प्रकाराचे श्रोते मूठभर. पण अनेक देशांतले मूठभर एकत्र मोजले की युरोपचा दौरा शक्य होतो, आणि ‘गटस्लिट’ने तो केला. मखिजाने यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ हा स्वयंपाकाचा कार्यक्रम मेटलच्या जगातल्या पाहुण्यांना घेऊन चालवला. पुढे त्यातल्या कीटो पाककृतींना मेटलच्या बाहेरचाही मोठा प्रेक्षक मिळाला. श्रोता गाण्यापर्यंत कुठल्या दारातून येईल हे आता ठरलेले राहिले नव्हते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, मोबाइल डेटा एकदम स्वस्त झाला आणि मराठवाड्यातल्या गावांत व्हिडिओ पाहणे रोजचे झाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने ही संधी नेमकी साधली. आधी लोकप्रिय गाण्यांची मेटल विडंबने, मग ढोल, पंजाबी आणि हिंदी बोल, इंग्रजी रॅप यांची स्वतःची गाणी, सगळे यूट्यूबवरून. २०१९ मध्ये हा बँड जर्मनीच्या ‘वाकेन’ महोत्सवात वाजला आणि २०२२ मध्ये त्याचा ‘रक्षक’ अल्बम आला. मेटल ऐकण्यासाठी इंग्रजी यावेच लागते ही समजूत या बँडने बरीच मोडली. ढोलावर वाढलेल्या जालन्याच्या मुलाला हे संगीत पहिल्या ऐकण्यात परके वाटण्याचे कारण उरले नाही.

असे संगीत करण्याचा खर्चही उतरला आहे. गिटार, संगणकाला जोडायचा ऑडिओ इंटरफेस आणि ड्रमसाठी सॉफ्टवेअर एवढ्यावर घरच्या खोलीत अल्बम मुद्रित होतो आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘बँडकॅम्प’वरून जगभर विकता येतो. स्ट्रीमिंगमधून मिळणारी रक्कम अगदी थोडी असल्याने बँडांचा भर टी-शर्टच्या विक्रीवर आणि दौऱ्यांवर असतो. दौऱ्याचे मार्ग मात्र अजून मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्ली आणि ईशान्य भारत असेच आहेत. मराठवाड्यातला श्रोता हे बँड पडद्यावर पाहतो, आणि मंचावर पाहायचे तर पुण्या-मुंबईची गाडी धरतो.